न बघता लिहिलेली मशेरी

बाईच्या तोंडात काळं दिसलं की तुम्हालाही मशेरीच आठवते ना?

झुंबरबाई तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात भाजी विकायची. तिनं हाळी दिली की शेजारचा बोंबिलवाला गप्प बसायचा. शहात्तर सालच्या दिवाळीनंतर तिची वरची दाढ ठणकायला लागली, गाल सुजला. दवाखान्यात गेली तर डॉक्टर म्हणाला, मशेरीनं हिरड्या खराब झाल्यात. दोन गोळ्या देऊन परत पाठवली. मग शेजारणींनी रिंगणीच्या बियांची धुरी दिली. म्हणे दाढेतली कीड पडते! कीड कसली पडते? नाकातून काळं पाणी यायला लागलं, टाळू काळी पडली, डोळ्याची पापणी उतरली. आठ दिवसांनी तिला घेऊन मी, तिच्याच वस्तीतला, त्याच दवाखान्यात गेलो.

डॉक्टरनं खुर्चीतूनच मान वाकडी केली. "पुन्हा आलीस? मशेरी सोडलीस का?"

"आवो सायेब, कवा धरलीच न्हाई, ती सोडू कशी?"

"तुमच्यात सगळ्याच लावतात."

"आमच्यात म्हंजी कुणाच्यात?"

डॉक्टरनं कागदावर खरडलं : मशेरीचे डाग.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या आधीही आन् नंतरही या बाईनं तंबाखूला हात लावला नव्हता. माझं डोकंच फिरलं. दवाखान्याच्या ओट्यावर उन्हाकडं तोंड करून तिला बसवली, बोटाला ओलं फडकं गुंडाळून टाळू पुसली. मशेरी असती तर निघाली असती. फडकं पांढरंच! आन् बोट लागलेलं तिला कळलंसुद्धा नाही. ते काळं म्हणजे तिचं मेलेलं मांस होतं.

दुपारच्या एसटीनं पुणं गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं बॅटरी मारून टाळू बघितली, लघवी तपासली. साखर बेसुमार वाढलेली. शिळ्या भाकरीवर धरावी तशी बुरशी जबड्यात आन् नाकामागच्या पोकळ्यांत शिरलेली. "आठवडाभर आधी आणायचं होतं," ती म्हणाली. वरचा अर्धा जबडा कापावा लागला. जीव वाचला, डोळा वाचला.

आता टाळूच्या भोकाला कवळी बसवलीय. ती हलली की शब्द नाकातून निघतात. गिऱ्हाइकं हसतात. झुंबरबाई म्हणते, "हसा की, पर जुडी घ्या."

कागद दुरुस्त करा म्हणून मी दवाखान्यात भांडलो. डॉक्टर म्हणाला, "अहो, एखादी चूक होते." एखादी?

शिरूर-दौंडकडच्या बायांनो, तोंडात न बघता तुमच्या कागदावर मशेरी लिहिली असेल, तर तो कागद चुलीत घालू नका. बाजारच्या दिवशी झुंबरबाईच्या पाटीपाशी माझ्या हातात आणून द्या.