आईला करायचा राहिलेला कॉल

सांताक्रूझच्या विमानतळावर आई रडली नाही. मीही रडले नाही. तिनं नारळाच्या वड्यांचा डबा माझ्या मुलाच्या, डेव्हिडच्या, हातात दिला आणि मला म्हणाली, "जागा झाली की मला कॉल कर. मी तयारच हाय."

कॉल हा आमच्या घरातला जुना शब्द. मी चौथी शिकले, पण हा एक इंग्रजी शब्द मला पुरून उरला. वडील गोदीत होते, रोज सकाळी कॉलवर उभे राहायचे. नाव पुकारलं तर त्या दिवशी काम. डॉक्टर कॉलवर गेले म्हणजे कुणाच्या घरी दुखणं. भाऊ डॅनियल नोकरीच्या कॉलची वाट बघत पोस्टमनला चहा पाजायचा. आम्हा ज्यू लोकांचं इस्रायलला जायचं नाव लागलं, की तिकडे नेणाऱ्या ऑफिसातून कॉल यायचा, तसा आम्हाला आला. आई म्हणत होती तो कॉल मात्र बोलावण्याचा. ऑफिसवाले तिलाही आमच्याबरोबर न्यायला तयार होते. मीच म्हटलं, आधी आम्ही जाऊन बघतो.

इस्रायलात रामला गावात दोन खोल्या मिळाल्या. नवरा, सॅम्सन, कारखान्यात लागला, मी शिवणाच्या कामाला. पहिल्या महिन्यात दुकानात एका बाईनं माझ्या लुगड्याकडे बघून शेजारणीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. हिब्रू येत नव्हती, पण हसणं समजलं. मी स्कर्ट शिवून घेतला. जिन्यावर मराठीत बोलायचं बंद केलं. डेव्हिडनं तर मराठीत उत्तर देणंच सोडलं.

चार वर्षांनी आम्हाला तीन खोल्यांचं घर मिळालं. सॅम्सननं त्याच आठवड्यात अर्ज आणला.

"आईला कॉल करायचा ना?"

"सण होऊन जाऊ दे."

"कुठला सण? सगळे होऊन गेले."

"पुढच्या वर्षी परत येतील."

त्यानं अर्ज घडी करून कपाटात ठेवला. तिसऱ्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल मांडलं.

आईचा फोन म्हणजे चाळीखालच्या औषधवाल्याचा. मी आधी पत्रानं दिवस कळवायची, मग इथल्या पोस्टातून नंबर लावून घ्यायची. तीन मिनिटं मिळायची, त्यातलं एक 'हॅलो, हॅलो' करण्यातच जायचं. आई इतकी ओरडायची, की फोन नसता तरी ऐकू आली असती.

"जागा झाली का गं, रिबका?"

"नाही अजून. लहानच आहे."

"लहान तर लहान. मी कोपऱ्यात पडंन."

"कळवते."

तिसरी खोली असताना मी हे बोलले. एकदा नाही, दरवेळी. सगळ्यांना मी जागेचं कारण सांगितलं, युद्धाचं सांगितलं, सॅम्सनच्या पाठीचं सांगितलं. खरं कारण असं, की डोक्यावर पदर घेऊन जिन्यात बसणारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं मराठीत हाक मारणारी म्हातारी मला नको होती. मला तिची लाज वाटत होती. आता लिहून टाकलं.

अकराव्या वर्षी डॅनियलची तार आली. मागाहून एक पार्सल. त्यात आईची प्रार्थनेची ओढणी, चष्मा आणि लस टोचल्याचं पिवळं पुस्तक. तेव्हा परदेशी जायचं तर देवीची लस लागायची, आणि तिचा शिक्का तीनच वर्षं चालायचा. आईच्या पुस्तकात चार शिक्के होते. डॅनियलनं लिहिलं होतं, 'दर तीन वर्षांनी मुनसिपाल्टीत जाऊन टोचून घ्यायची. शेवटच्या वेळी हात सुजला, ताप आला. मी रागावलो, तर म्हणाली, रिबकाचा कॉल आला आणि शिक्का जुना निघाला तर?'

पुढल्याच वर्षी डेव्हिडला सैन्याचा कॉल आला. एक कागद आला आणि ठरल्या दिवशी पोरगा पिशवी घेऊन गेला. त्याला कुणी सण होऊन जाऊ दे म्हटलं नाही.

आता माझ्या घरात फोन आहे. डेव्हिड पेताह तिक्वाला राहतो, शुक्रवारी फोन करतो. मी मराठीत विचारते, तो हिब्रूत सांगतो. सॅम्सन वारल्यावर डेव्हिड म्हणाला, घर मोठं घेतलं की तुला इकडे आणू, ईमा. ईमा म्हणजे हिब्रूत आई. घर मोठं घेऊन दोन वर्षं झाली. मी विचारत नाही. विचारलं तर 'कळवतो' म्हणेल, आणि ते म्हणणं माझ्या ओळखीचं आहे.

आमच्यातले जे मुंबईतच राहिले ते पत्रात विचारतात, आता घर कुठलं म्हणतेस, मुंबई की रामला? मला ती तिसरी खोलीच दिसते. इस्त्रीचं टेबल मी केव्हाच काढलं. तिथे एक खाट टाकली आहे. शुक्रवारी चादर बदलते.