आधी गाठ दाखव

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भिलाईच्या सुपेला बाजारात एका दुकानासमोर उभी होते. बेटावर न्यायच्या मोठ्या बॅगेची चेन बदलून घेत होते. "सुमन, लवकर ये वो... तुझा दादा उठूनच नाई राहिला." एवढंच बोलली. मी पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. सकाळी घरामागच्या भिंतीवर सराव करून तो आत आला, "जरा पडतो" म्हणाला आणि पडला तो पडलाच. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. मधल्या काळात लोकांनी मला पुष्कळ समजावलं. शेजारचे तिवारीजी म्हणाले, "दीदी, भैया तो नींद में चले गए, किसी को तकलीफ नहीं दी." मला दिली. अजून देतोय. मी दादावर भयंकर चिडलेली आहे, आणि गेलेल्या माणसावर चिडू नये असं जो सांगतो त्याच्यावरही चिडते.

प्रभाकर माझा थोरला भाऊ. वडील नागपूरकडून भिलाईला नोकरीसाठी आले आणि दादाचाही जन्म तिथल्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्येच गेला. लोक गुडघ्यांना तेल चोळायला लागतात त्या वयात याला कातळ चढायचं वेड लागलं. घरामागच्या भिंतीवर त्याने लाकडी खुंट्या ठोकल्या, आणि दोर धरायला कोणी मिळेना म्हणून मला, कोहक्याच्या शाळेतल्या मास्तरणीला, ओढलं. या खेळात एक जण वर चढतो आणि दुसरा खालून दोर सांभाळतो, म्हणजे वरच्याचा जीव खालच्याच्या हातात. म्हणून जमीन सोडण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, पट्टा, बकल, सगळं हाताने ओढून पाहायचं असा रिवाज आहे. दादा त्यात महाकडक. राजहऱ्याच्या वाटेवरच्या एका कातळाशी मी एकदा घाईत होते. म्हटलं, "बरोबर हाये दादा, किती पाह्यशीन?"

"बरोबर हाये हे तू नको सांगू. मले दाखव," तो म्हणाला, आणि दाखवेपर्यंत मला हलू दिलं नाही.

पूर्वेच्या समुद्रातलं ते बेट त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं. चुनखडीचे कडे थेट पाण्यातून वर आलेले, भरती आली की चढायची सुरुवातच पाण्याखाली. मग वर्षभर दुसरा विषय नाही. ओहोटीच्या वेळा, तिथला पाऊस, दमट हवेत हाताला लावायची पांढरी पूड टिकेल का... दोर अडकवायला कड्यात ठोकलेले स्टीलचे बोल्ट खाऱ्या हवेत आतून खाल्ले जातात, वरून चकचकीत दिसतात आणि झटका बसला की तुटतात, हे वाचून तर आमचा स्टीलवाला हात धुऊन मागेच लागला. झोपड्या भाड्याने देणाऱ्या तिथल्या माणसाला त्याने संदेश पाठवून पाठवून भंडावलं. बोल्ट न गंजणाऱ्या टायटॅनियमचे आहेत का? कधी बदलले? फोटो पाठवा! फोटो आले तेव्हाच तिकिटं काढली. आणि सगळ्यात मोठी काळजी कसली, तर बेटावर दवाखाना नाही, नावेने अर्धा दिवस लागतो. "तुह्या पायाले काई झालं तं?" असं म्हणून एक नाववालाही ठरवून ठेवला. माझ्या पायासाठी!

तेरवी झाल्यावर वहिनीने तोंड उघडलं. महिनाभर त्याच्या छातीत दुखत होतं. जिना चढला की दुखायचं, बसला की थांबायचं. "गॅस हाये म्हणे. बेटावरून आलो का दाखवतो म्हणे. अन् सुमनले सांगशीन तं ते तिकिटं कॅन्सल करन, म्हणून शपथ घातली मले..." मी वहिनीवर ओरडले, मग दोघीही रडलो. तिचा काय दोष? शपथ घालणारा तो. हॉस्पिटल आमच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. मध्ये समुद्र नाही, भरती नाही, नाव लागत नाही. परमुलखातल्या बोल्टचे फोटो मागवणाऱ्या माणसाला स्वतःचा एक ईसीजी काढवला नाही! आणि हो, तिकिटं मी रद्द केलीच असती. बेट काय पळून जात होतं? माझी गाठ रोज ओढून पाहायचा, स्वतःचं दुखणं मात्र माझ्यापासून लपवून वर चढायचा, आणि मी खाली दोर धरून मूर्खासारखी "शाब्बास दादा" ओरडायची. लोक याला हिंमत म्हणतात. मी दगा म्हणते.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले. घर रंगवायला काढलंय. मागच्या भिंतीवर, वर छज्ज्याच्या आडोशाला, पाण्याचा थेंब पोहोचत नाही तिथे त्या पांढऱ्या पुडीचा दादाचा पंजा उमटलेला आहे, पाचही बोटं स्पष्ट. वहिनी बादली आणि फडकं घेऊन आली.

"पुसून टाकू का वो? मले पाहवत नाई."

मी तिच्या हातून बादली घेतली आणि झाडाला ओतून टाकली.

"राहू द्या वहिनी. माह्यं भांडण अजून संपलं नाई. भांडाले समोर कोनी तं पाहिजे."