कुंदाबाईंचा एकच गंज

पळी पालथी करून कुंदाबाई रस्सा पारखायच्या. पळीच्या पाठीवर तर्रीचं लाल तेल चकाकलं नाही, तर रश्श्याचं पातेलं, आमच्याकडचा गंज, पुन्हा चुलीवर. आमच्या आलापल्लीत कोणाकडे पाहुणे आले की मसाला भाजायला त्यांनाच बोलावणं जायचं. "तर्री नाई त पाहुना म्हनते, हाकलून देल्लं," असं त्यांचं म्हणणं.

मग त्यांच्या नवऱ्याला, नामदेवभाऊंना, धानाच्या बांधीतच हार्ट अटॅक आला. नागपूरला स्टेंट टाकले. डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा, आणि परवडत असेल तर ऑलिव्ह ऑइल वापरा. नागपुरात नोकरी करणारी मुलगी, प्राची, ऑलिव्ह ऑइलचा डबा घेऊन आली. कुंदाबाईंनी त्या तेलाचीही तशीच बोटभर तर्री काढली. मी त्यांची शेजारीण, शिवाय दवाखान्यात नर्स. भाऊंचा रक्ताचा बिघडलेला रिपोर्ट वाचून मी तेलाचं विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, चांगलं तेल हाय न? मंग जास्त पडलं त जास्तच फायदा."

मी सांगितलं, हे तेल हृदयाला बरं, पण नेहमीच्या तेलाच्या जागी, आणि तेही थोडंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाची पळी माझ्या ओट्यावर आणून ठेवली. "तुमच्याकडंच राहू द्या. हात आयकत नाई माहा."

तेव्हापासून चहाचा चमचा. मसाला करपू लागला की पाण्याचा हबका. सुरुवातीचा रस्सा मी खाल्ला आहे, वाईट होता. मग त्या कांदा निखाऱ्यावर भाजू लागल्या आणि चव परत आली. तर्री मात्र आली नाही.

प्राचीचं साक्षगंध ठरलं. सोयरीक नवी, व्याही खाण्याचे शौकीन. मीच म्हटलं, पाहुण्यांपुरतं वेगळं मटण करा.

"दोन गंज मांडले त ह्यायची वाटी कोनत्या गंजात जाईन, मले मालूम हाय. एकच गंज."

पंगतीत व्याह्यांनी वाटी तिरपी करून पाहिली. "काऊन हो विहीनबाई, तर्री कपाटात ठेवून कुलूप लावलं का?"

पंगत हसली. प्राचीचा चेहरा उतरला. कुंदाबाई वाढता वाढता थांबल्या.

"सांगा व्याहीभाऊ, आत्ता टाकतो. पन मंग कन्यादानाले पोरीचा बाप तुमीच शोधून आना."

व्याह्यांनी शेजारी बसलेल्या नामदेवभाऊंकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली. "वाढा मंग. तिखट त झकास हाय."

भाऊ मान खाली घालून जेवत होते.

काही दिवसांनी बसस्टँडवरचा खानावळवाला दवाखान्यात बीपी तपासायला आला. "बाई, नामदेवभाऊ बिमार हायेत का? नागपूरवरून आल्यापासून दर बाजाराले मटन खाले येत होते. आता येऊनच नाई राह्यले."

मी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला. "तब्येत चांगली आहे त्यांची," म्हटलं. "आता घरीच जेवतात."