धुक्यातला आवाज

थंडी वाढली की द्राक्षांचे मणी तडकतात, म्हणून आम्ही पहाटे बागेत ओल्या पाचोळ्याच्या शेकोट्या पेटवून धूर करतो. आज उजाडता उजाडता अचानक धुकं उतरलं आणि वर जवळच्या तळावरच्या शिकाऊ वैमानिकाचं हेलिकॉप्टर घुमू लागलं. रोज तिथली हेलिकॉप्टरं सरळ निघून जातात. हे मात्र आमच्याच डोक्यावर फिरत राहिलं.

"त्याला जमीन दिसेना झालीय," मी मुलाला म्हटलं. "शेकोट्या विझव."

"आई, बाग जाईल. आणि धुकं काय आपण आणलंय?"

सून शेकोटीकडे धावली. तिने पाण्याची नळी ओढली. पाणी पडलं तसा आणखीच धूर उठला.

"झालं समाधान?" मुलगा तिला म्हणाला, पण तोही फावड्याने माती लोटू लागला.

खालून बघताना वाटतं, उडणाऱ्याला सगळं आभाळ मोकळं आहे. पण त्याला शेवटी उतरायला एवढीशी जमीन लागते, आणि तीच आम्ही झाकली होती. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर धूर आत गेला.

आवाज टेकडीकडे सरकला आणि थांबला. उतरलं की पडलं, कळायला मार्ग नव्हता. काही ऐकू येतंय का म्हणून आम्ही तिघं खोकला दाबून उभे राहिलो.