वाचून दाखवणाऱ्या रामटेके बाई

रामटेके बाई संगणकाशी मोठ्यानं बोलत. होत्या डॉक्टर, पण सगळा तालुका त्यांना बाईच म्हणे. सिंदेवाहीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात कागदी चिठ्ठ्या बंद झाल्या आणि औषधं संगणकावरच लिहायची असं ठरलं, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. एका बोटानं अक्षर शोधत त्या टाइप करत. अडलं की पडद्यालाच विचारत, "काऊन रे, आता का झालं तुले?" रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

मी शेजारच्या खिडकीत औषधं देत असे. बाईंनी बटण दाबलं की चिठ्ठी माझ्या पडद्यावर उमटे. पण बाई लवकर बटण दाबतील तर शपथ! रुग्णाला जवळच्या स्टुलावर बसवून त्या आधी सगळं वाचून दाखवत. "तुह्या अंगाचं लिवून राह्यली मी. तुले नाई समजलं त कोनाले समजन?" रांग दारापर्यंत जाई. व्यवस्थापकांनी आधी गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं, मग स्पष्टच बजावलं, वाचन बंद करा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा डॉक्टर बसवू. बाई मला म्हणाल्या, "भाऊ, घरी बसवलं तरी चालन, पन मुकाट्यानं लिवनं मले जमत नाई."

त्याच आठवड्यात जंगलाकडच्या एका गावची सुमन ताप आणि घशाची सूज घेऊन आली. आमच्याकडच्या जुन्या वळणाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. नोंदणीवाल्यानं विचारलं, तर ती लाजून गप्प राहिली. त्यानं त्याच गावची, त्याच आडनावाची जी पहिली सुमन दिसली तिची नोंद उघडून दिली. बाईंनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं आणि नेहमीसारख्या वाचू लागल्या, "सुमन, दोन लेकरं, कोनत्याच औषधाचा तरास नाई..."

"मले लेकरू नाई, बाई," सुमन खाली बघत म्हणाली.

बाईंचं बोट थांबलं. त्याच गावच्या साऱ्या सुमन शोधून लेकरू नसलेलीची खरी नोंद उघडली, तर मागे याच औषधानं तिचा श्वास अडकला होता. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"चुकलं माह्यं, सुमन. नवऱ्याचं राहू दे, तुह्या मायचं नाव सांग, नोंदीत टाकू."

"जनाबाई," ती लगेच म्हणाली. तेव्हापासून आमच्या नोंदीत आईचं नावही आलं, आणि बाईंना पुन्हा कुणी घाई केली नाही.

निवृत्तीनंतर बाई लेकीकडे भद्रावतीला गेल्या आणि काही महिन्यांत तिथेच वारल्या. मी लहान मुलासारखा रडलो. आता त्यांच्या खुर्चीत तरुण डॉक्टर असतात. माणूस हुशार आणि भला, दहाही बोटांनी भराभर टाइप करतो. परवा सुमन आली होती. डॉक्टरांनी तिला तपासलं, औषध लिहिलं आणि खिडकीवर जायला सांगितलं. ती स्टुलावरून उठेना.

"का लिवलं ते वाचून दाखवा ना, साहेब. आमच्या बाई दाखवत होत्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची तिच्या बाजूला सरकवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.