पुण्यात लागलेली फर्माईश

मी तुळजापूरला शिकते आणि रोज कॉलेज सुटल्यावर तिथल्याच एका लहानशा एफएम केंद्रावर निवेदनाचं काम करते. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे माझा आवाज रेडिओवर येतो याचं आईला जरा जास्तच कौतुक.

दिवाळीनंतर केंद्राचं नाव बदललं. पुण्यातल्या एका मोठ्या केंद्राचं नाव, त्याचीच धून आमच्याकडे आली. मालक तेच राहिले. "बोर्ड त्यांचा, दुकान आपलं," ते म्हणाले. अशानं जाहिराती मिळतात, केंद्र टिकतं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. पण श्रोत्यांची नावं घेऊन त्यांच्या आवडीची गाणी लावायची दुपारची फर्माईश बंद झाली आणि त्या वेळात सलग गाणी लागू लागली. माइकवर नवं नाव घेताना मला परक्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटायचं. घरी मी हे सांगितलं होतं, पण नीट समजावता आलं नाही. मलाच ते पुरतं कळलं नव्हतं.

एका रविवारी मी तुळजापूरहून तामलवाडीला घरी आले, तर अंगणात रेडिओ चालू आणि भोवती शेजारच्या बाया तुरी निवडत बसलेल्या. पुण्यात कामाला असलेल्या दादानं सकाळी आईला फोन केला होता, "दुपारी रेडिओ लाव, तुझ्यासाठी गाणं सांगितलंय." आईनं सगळ्यांना बोलावलं होतं. गाण्यामागून गाणी येत होती, आईचं नाव काही येत नव्हतं.

"लेकानं गंडिवलं दिसतंय, वहिनी," शेजारची काकू म्हणाली.

"त्यो तसा न्हाय," आई म्हणाली. पण तिनं मान वर केली नाही.

मला एकदम उलगडलं. बोलावं की नको, कळेना. शेवटी म्हटलं, "आई, दादानं पुण्याच्या रेडिओला सांगितलं असंल. तिथं लागलंही असंल. इथं न्हाय लागणार."

"नाव तर येकच घेत्यात की!"

"नाव एकच, पण केंद्रं दोन. मालकही निराळे."

"म्हंजी एका टोपीत दोन डोकी!" काकू हसली. आई हसली नाही.

मी दादाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ऐकलंस न्हवं, आई?" तो खुशीत होता.

आईनं हातातल्या तुरी सुपात टाकल्या. "इथं न्हाय आलं रं. काय म्हनली ती रेडिओवरची बाई? तूच सांग."

दादा लाजून हसला. मग त्या निवेदिकेच्या थाटात त्यानं आईचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. बाया तुरी सोडून फोनकडे सरकल्या.

"आन् आमची नावं?" काकूनं विचारलं. आमच्या फर्माईशीत सगळ्या गल्लीची नावं घ्यायची रीत होती. एखादं राहिलं की रुसवेफुगवे व्हायचे.

"इथं एकच नाव घेत्यात, काकू."

"मग तू घे," आई म्हणाली. आता तिची मान वर होती. "समद्या इथंच बसल्यात."

पलीकडे दादानं घसा खाकरला आणि काकूपासून सुरुवात केली.