शेवटी कोण जेवतं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी बाईंचं नाव सांगतो. आमच्या संस्थेत त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांचं पेन अंबाड्यात खोचलेलं असे. सर्वेक्षणाला कुणाच्या घरी गेल्या की आधी पाणी पीत, मग प्रश्न विचारत, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकत आणि मगच त्यांचा हात अंबाड्याकडे जाई. "पेन बाहेर दिसला का माणूस कमी बोलते," असं त्या म्हणत. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. पदाने लहान, पण ज्याच्यासमोर आपण आपोआप नीट बसतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलाखतीच्या दिवशी. संशोधन सहायकाच्या दोन जागा होत्या आणि गोंदियाच्या ऑफिसात आम्ही सहा उमेदवार. आधी दोन ठिकाणी माझी मुलाखत इंग्रजीतल्या पहिल्याच प्रश्नावर संपली होती. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. हीही नोकरी हुकली तर चुलतभावासोबत राईस मिलमध्ये पोती उचलायला जायचं, हे ठरलेलं होतं. बाकीचे नागपूरहून आलेले, आपसात सॅम्पलिंगवर बोलत होते. मी गोरेगावहून पहिल्या एसटीने आलो होतो आणि शर्टवर डाग पडेल म्हणून चहाला हात लावत नव्हतो.

"पी ना बाबू," बाई म्हणाल्या. "चहाचे मार्क नाही राहत."

मुलाखतीआधी एक परीक्षा होती. दवनीवाड्यात एका घरी जाऊन आहाराबद्दलचा फॉर्म भरून आणायचा. माझ्यासोबत बाई आल्या. त्या फक्त बघणार होत्या.

घरातली सून बोलकी होती. चूल, सारवलेलं अंगण, कोपऱ्यातली धानाची पोती, सगळं आमच्याच घरासारखं. इथे तरी मी नागपूरवाल्यांच्या पुढे आहे, असं मला वाटलं. शेवटचा प्रश्न होता: घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? तेवढ्यात बकरी सुटली आणि सून तिच्यामागे धावली. मी वाट पाहिली नाही. 'सून' असं लिहून मोकळा झालो.

बाहेर आल्यावर बाईंनी फॉर्म पाहिला. "हे तिनं सांगतलं का तुनं?"

"मीच लिहिलं. आमच्या घरी आईच शेवटी जेवते."

"ते काय तुही माय होय? जा, पुसून ये."

मी परत जाऊन विचारलं. बकरी बांधता बांधता ती हसली. "आमचे सासरे जेवते शेवटी. सासू गेली तवापासून म्हणते, पोरी, तू खाऊन घे, मी मागून बसतो. लय भांडली मी. आयकतच नाही." ओसरीवर बसलेला म्हातारा लाजून दुसरीकडे बघू लागला.

मी आधीचं उत्तर खोडलं आणि नवं लिहिलं. परतताना जीपमध्ये बाईंना हळूच विचारलं, "मुलाखतीत तुम्ही हे सांगाल का?"

"मी काऊन सांगू? तोंड तुले आहे."

आत मुलाखत घेणाऱ्या सरांनी नेमकं त्या खाडाखोडीवर बोट ठेवलं. उत्तर आधी मनानेच लिहिलं होतं, हे मी सांगितलं. सरांनी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "वापस गेला ना थो. न जाणारे लय पाहिले मी."

नंतर इंग्रजीचा प्रश्न आलाच, आणि तो मला धड जमला नाही. तरी पंधरा दिवसांनी बोलावणं आलं.

पुढे चार वर्षं मी बाईंसोबत गावोगाव हिंडलो. कुठे घाई केली की त्या सगळ्यांदेखत म्हणत, "याची बकरी सुटली वाटते." मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्या बोदलकशाला भावाकडे राहायला गेल्या. आता फॉर्म टॅबवर भरतात. खोडलेलं दिसत नाही. नव्या उमेदवारांना दवनीवाड्याला मी नेतो. चहाही मीच पुढे करतो.

बाईंना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून परवा पत्र पाठवलं. ते असं:

'बाई, नमस्कार. गुडघे कसे आहेत? एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. मुलाखतीच्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला विचारलं, आपल्या घरी शेवटी कोण जेवते? ती म्हणाली, "मीच. पर आजवर कोणी पुसलं नव्हतं." तेव्हापासून घरी असलो की मी तिच्यासोबतच बसतो.

किती घरांत आपण हा प्रश्न विचारला. तुम्हाला मात्र मी कधी विचारला नाही. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? माझा अंदाज आहे, पण लिहीत नाही. खाली जागा सोडली आहे, सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. सावकाश लिहा. बकरी सुटली तरी मी थांबीन.

तुमचा बाबू'